खरवडलेलं डांबर पुन्हा रस्त्यात: मिलिंगपासून रोलरपर्यंत

रस्त्यावर वर्षानुवर्षं थरावर थर चढत गेले की ओट्याच्या पायऱ्या एकेक करून बुडतात. बडोद्याच्या जुन्या पोळांमध्ये, रावपुरा-मांडवीकडच्या अरुंद गल्ल्यांत हा प्रश्न नेहमीचा. पावसाचं पाणी गटाराकडे जायचं सोडून उंबऱ्याकडे वळतं. उपाय सरळ आहे: जितका नवा थर घालायचा तितका जुना आधी खरवडून काढायचा. पण त्या खरवडलेल्या मालाचं पुढे काय होतं? बहुतेक वेळा तो कुठल्यातरी प्लॉटमध्ये भराव म्हणून जातो. त्याच्या एका टनात साधारण ४५ किलो डांबर आणि साडेनऊशे किलोंहून जास्त फोडलेली खडी असते. खडी सेवालियाकडच्या खाणींतून ट्रकचं भाडं भरून आलेली, डांबर तर शेजारच्या कोयलीच्या रिफायनरीतलंही असू शकतं. एकदा पैसे मोजून घेतलेला हा माल आपण मातीत घालतो.

हा माल पुन्हा रस्त्यात कसा आणायचा, ते पुढे क्रमाने दिलं आहे. वाचक ठेकेदाराचा साइट इंजिनिअर, खडी-डांबराचं मिक्स बनवणाऱ्या प्लांटचा माणूस किंवा पालिकेचा कनिष्ठ अभियंता आहे असं धरलं आहे. खरवडलेल्या मालाला सगळे ‘रॅप’ म्हणतात, इथेही तेच. गुजरातीत जी कपची ती आपली खडी. आणि ‘डांबर’ म्हणजे इथे रिफायनरीतलं बिटुमेन. काटेकोर बोलायचं तर डांबर हे कोळशापासून निघतं. हा फरक शब्दांपुरता नाही, पुढे एका ठिकाणी तो महत्त्वाचा ठरणार आहे.

प्लांटवर जे बिघडतं त्याचं मूळ बहुतेक वेळा ढिगात सापडतं. म्हणून इथे प्लांटपेक्षा ढिगावर जास्त शब्द खर्च केले आहेत.

आधी जागेचा हिशेब

१ किलोमीटर लांब, ७ मीटर रुंद रस्ता ४० मिलिमीटर खरवडला तर २८० घनमीटर माल निघतो. घनमीटरला २.३ टन धरा, म्हणजे सुमारे ६४५ टन. १६ टनांच्या टिपरच्या ४० फेऱ्या. त्याच रस्त्यावर नवा ४० मिलिमीटरचा थर घालायला साधारण तेवढंच मिक्स लागतं. त्यात २० टक्के रॅप घातला तर खपतो फक्त १३० टन. उरलेले ५१५ टन ठेवायचे कुठे?

हा प्रश्न रस्ता खरवडणारं मिलिंग मशीन रस्त्यावर उतरल्यानंतर सुचतो, आणि मग माल वाटेल तिथे रिकामा होतो. सैल रॅप घनमीटरला १.६ टन धरला तर सव्वातीनशे घनमीटर जागा हवी. म्हणजे पाच मीटर उंचीचे दोन शंकूसारखे ढीग, आणि भोवती लोडर वळायला मोकळी जागा. ती पक्की असल्याशिवाय मिलिंगची तारीख ठरवू नका.

मिलिंग: खरवडताना केलेली घाण ढिगात जाते

सुरुवातीला दर दोन-तीनशे मीटरवर एक कोअर (सगळे थर दाखवणारा, गोल कापून काढलेला नमुना) काढा. वरचा बीसी (बिटुमिनस काँक्रीट) किती, खालचा डीबीएम (डेन्स बिटुमिनस मॅकॅडम) किती, त्याखाली खडीचा थर कुठे सुरू होतो, हे मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. मिलिंगची खोली कोअरवरून ठरते, अंदाजपत्रकावरून नाही. दोन थरांच्या सांध्याच्या थोडं वर थांबलात तर १०-१५ मिलिमीटरची पापडी मागे उरते. खालच्या थराशी तिची पकड सुटलेली असते, वाहतुकीने ती पत्र्यासारखी निघते आणि नवा थरही सोबत नेते. अशा वेळी थोडं खोल जाऊन पापडी काढलेलीच बरी.

मशीन येण्याआधी रस्ता झाडून घ्या. विश्वामित्री नदीच्या पाण्याखाली जाणाऱ्या सखल भागात पूर ओसरल्यावर कडेला गाळाचा चिकट थर राहतो. तो रॅपमध्ये गेला की नंतर कुठलीच चाळणी तो वेगळा करू शकत नाही. मॅनहोलभोवतीची काँक्रीटची कॉलर, पेव्हर ब्लॉकचे पट्टे, जाड झेब्रा पट्टे हे आधी वेगळे काढा. लोखंडी झाकण ड्रमखाली आलं तर दात तर जातातच, कधी होल्डरही जातो.

मशीनचा वेग हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. ड्रम त्याच गतीने फिरतो. मशीन पुढे जास्त जोरात गेलं की दात कापण्याऐवजी ढेकळं उपटतात. मागे पाहा: कंगवा फिरवल्यासारख्या सलग, समांतर रेषा दिसल्या तर वेग ठीक. मध्येच खळगे आणि वडीएवढे तुकडे दिसले तर हळू करा. उलट दात घासून बोथट झाले असतील तर खडी चिरडली जाते आणि मालात भुकटी वाढते. पाळी संपली की दात हाताने फिरवून बघायचे. जो फिरत नाही तो एका बाजूने झिजतोय. आणि पाणी दात थंड राहतील इतकंच सोडा. इथे सोडलेलं जास्तीचं पाणी पुढे प्लांटवर डिझेल किंवा फर्नेस ऑइल जाळून उडवावं लागतं.

शक्य असेल तिथे बीसी एका फेरीत आणि डीबीएम दुसऱ्या फेरीत काढा, ढीगही वेगळे लावा. बीसीत डांबर जास्त आणि खडी बारीक, डीबीएममध्ये उलट. दोन्ही एकत्र पडले की त्या ढिगात डांबर किती, याला उत्तर राहत नाही.

जेसीबीने उखडलेल्या लाद्या हा निराळा माल. खालच्या बाजूला माती आणि मुरूम चिकटलेला असतो. तो नव्या बीसीत घालायच्या फंदात पडू नका. त्याची जागा शेवटी येते.

एक खबरदारी जुन्या रस्त्यांसाठी. फार जुन्या थरांत कधीकधी खरं कोळशाचं डांबर निघतं. ते तापवल्यावर निघणारी वाफ आरोग्याला घातक असते, म्हणून ते हॉट मिक्समध्ये चालत नाही. कोअरच्या ताज्या तुटलेल्या भागावर पांढरा स्प्रे पेंट मारा. रंग लगेच पिवळट-तपकिरी झाला किंवा फिनाइलसारखा झोंबणारा वास आला तर तो थर वेगळा ठेवून प्रयोगशाळेत तपासून घ्या.

ढीग

खाली जमीन पक्की हवी: काँक्रीट, किंवा निदान दाबलेला खडीचा थर, आणि पाणी वाहून जाईल असा उतार. काळ्या मातीवर टाकलेल्या ढिगाचा शेवटचा फूटभर माल वायाच जातो, कारण लोडरचं बकेट माती घेऊनच वर येतं.

माती आली आहे का, हे साध्या बाटलीत कळतं. पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा रॅप, वर पाणी, मिनिटभर हलवा आणि ठेवून द्या. स्वच्छ रॅपचं पाणी थोडं राखाडी होतं आणि लवकर निवळतं. चहासारखं गढूळ होऊन तासभर तसंच राहिलं तर त्यात गाळ आहे. कागदावर ही चाचणी कुठे नाही, पण टिपर रिकामा व्हायच्या आत निर्णय देते.

मग चाळणी. रॅपचे गोळे फोडायला इम्पॅक्ट क्रशर लागतो. हेतू गोळे सुटे करण्याचा आहे, दगड फोडण्याचा नाही. म्हणून आधी चाळा, वर राहिलेलंच क्रशरमध्ये घाला. सगळा माल क्रशरमधून काढला तर ७५ मायक्रॉनखालची भुकटी आणखी वाढते, आणि ती आधीच मिलिंगमध्ये वाढलेली असते. रॅपची टक्केवारी बहुधा डांबरापाशी अडत नाही, या भुकटीपाशी अडते. बीसी ग्रेड २ मध्ये ७५ मायक्रॉनमधून ४ ते १० टक्के जाऊ द्यायची मुभा आहे. भुकटी जास्त असलेला रॅप ही जागा एकटाच खाऊन टाकतो.

चाळल्यावर दोन भाग ठेवा: १० मिलिमीटरच्या खालचा आणि १० ते २० चा. बारीक भागात डांबर जाड भागापेक्षा बरंच जास्त असतं, कधी दीडपटीच्या आसपास. दोन्ही एकाच ढिगात असले की जाड दाणे घरंगळून पायथ्याशी जातात. लोडरने आज पायथ्यातून घेतलं आणि उद्या शेंड्यातून, तर मिक्समधलं डांबर रोज बदलतं आणि प्लांटवाला पंपाचं कॅलिब्रेशन तपासत बसतो.

ढिगाचा आकार खडीच्या सवयीपेक्षा वेगळा ठेवावा लागतो. खडीचा ढीग थराथराने पसरट लावतात. रॅपचा उंच, शंकूसारखा लावा. रॅप स्वतःच्या वजनाने फारसा दबत नाही. उन्हाने वरच्या वीस-तीस सेंटिमीटरची पापडी धरते आणि ती पावसाचं पाणी बाहेर घालवते. पसरट ढीग तेच पाणी पिऊन घेतो. ढिगावर लोडर चढवायचा नाही, कधीच नाही: चाकाखाली माल इतका घट्ट होतो की पुन्हा फोडायला क्रशर लागतो. उचलताना पापडी मोडून आतल्या मालात मिसळून घ्या.

बडोद्यात जूनच्या मध्यानंतर पाऊस धरतो. बारीक भाग तरी त्याआधी छपराखाली हवा. छप्पर म्हणजे वर पत्रे आणि चारी बाजू मोकळ्या. ताडपत्री घट्ट गुंडाळून ठेवण्याला आमचा विरोध आहे: दिवसा उन्हाने आतला ओलावा वर येतो, ताडपत्रीला लागून पाणी होतो आणि पुन्हा मालातच गळतो. वरून कोरडा दिसणारा ढीग आत ओला असतो. हा ओलावा किती महाग पडतो ते आकड्यांत पुढे येईलच.

चाचण्या

ढिगाच्या वेगवेगळ्या बाजूंनी, पापडीच्या आतून, निदान १० नमुने घ्या. ते लगेच एकत्र करू नका. निदान पाच वेगवेगळे तपासा, म्हणजे फरक किती पडतो ते कळेल. डांबराचा आकडा नमुन्यागणिक अर्ध्या टक्क्याहून जास्त हलत असेल तर ढीग लोडरने पुन्हा फिरवून मिसळा. चंचल ढिगावर डिझाइन करण्यात अर्थ नाही.

पहिली चाचणी पाण्याची. ओलं वजन, ओव्हनमध्ये स्थिर होईपर्यंत वाळवून कोरडं वजन. काम चालू असताना ही रोज सकाळी.

दुसरी डांबराची. सेंट्रिफ्यूज एक्स्ट्रॅक्टरमध्ये किलो-दीड किलो माल, सॉल्व्हंटने धुवायचा. नमुना आधी पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर पाण्याचं वजनही डांबरात धरलं जातं: २ टक्के ओल असली तर ४.५ चा आकडा ६.५ दिसतो आणि रस्ता डांबराला उपाशी राहतो. दुसरी चूक भुकटीची. बाहेर आलेल्या द्रवात बारीक भुकटी तरंगत जाते, तिचं वजन वजा केलं नाही तर तीही डांबर म्हणून गणली जाते. सॉल्व्हंट म्हणून पेट्रोल वापरणाऱ्या साइट लॅब अजून आहेत. मोटरच्या ठिणगीशेजारी पेट्रोलची वाफ, एवढं सांगणं पुरे.

तिसरी, धुतलेल्या खडीची चाळणी. डिझाइनमध्ये रॅपची ग्रेडिंग, म्हणजे दाण्यांच्या आकारांचं प्रमाण, म्हणून हीच धरायची. न धुता चाळलेल्या रॅपची ग्रेडिंग फसवी असते, कारण डांबराने चार बारीक दाणे चिकटून एक जाड दाणा दिसतो.

चौथी, जुन्या डांबराचा कडकपणा. सॉल्व्हंट उडवून डांबर परत मिळवायचं आणि पेनिट्रेशन (सुई किती आत शिरते; आकडा कमी तितकं डांबर कडक), सॉफ्टनिंग पॉइंट (मऊ पडण्याचं तापमान) किंवा ६० अंशांची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) काढायची. उपकरण साइटवर नसतं, मोठ्या प्रयोगशाळेत पाठवा. ढिगामागे एकदा केलं तरी पुरतं. जुन्या रस्त्यात रबर मिसळलेलं डांबर किंवा टाकाऊ प्लास्टिक वापरलं असेल तर तशी नोंद करा. रबराचा चुरा सॉल्व्हंटमध्ये पूर्ण विरघळत नाही, खडीसोबत राहतो आणि दोन्ही आकडे चुकवतो.

मिश्रणाचा हिशेब

बीसी ग्रेड २, एकूण डांबर ५.४ टक्के (ही या थराची किमान मर्यादाही आहे), रॅप २० टक्के, रॅपमध्ये डांबर ४.५ टक्के. एका टन मिक्सला:

एकूण डांबर ५४ किलो.
कोरडा रॅप २०० किलो, त्यातलं डांबर ९ किलो, खडी १९१ किलो.
नवं डांबर ५४ वजा ९, म्हणजे ४५ किलो.
नवी खडी १००० वजा ५४ वजा १९१, म्हणजे ७५५ किलो.

टनामागे ९ किलो डांबर आणि १९१ किलो खडी वाचली. डांबरातली बचत एक षष्ठांश.

आता कडकपणा. जुन्या डांबराचं पेनिट्रेशन २० आलं आणि नवं व्हीजी-३० (डांबराची ग्रेड; आकडा लहान तितकं मऊ) पेनिट्रेशन ५० चं आहे असं धरा. मिश्रणाचं पेनिट्रेशन साध्या सरासरीने काढायचं नाही, लॉगच्या सरासरीने काढायचं. एकूण डांबरात जुन्याचा वाटा ९ भागिले ५४, म्हणजे ०.१६७. लॉग २० = १.३०१, लॉग ५० = १.६९९. त्यांची वाट्याप्रमाणे सरासरी १.६३२, म्हणजे पेनिट्रेशन सुमारे ४३. व्हीजी-३० ला आयएस ७३ या डांबराच्या भारतीय मानकात किमान ४५ लागतं. म्हणजे थोडक्यासाठी कडक झालं. नवं डांबर व्हीजी-२० घेतलं आणि त्याचं पेनिट्रेशन ६५ असलं तर उत्तर ५३ येतं, म्हणजे जमलं. रॅप ३० टक्के केला तर जुन्याचा वाटा ०.२५ होतो: व्हीजी-३० सोबत ४०, व्हीजी-२० सोबत ४८, आणि ८५ पेनिट्रेशनच्या व्हीजी-१० सोबत ५९.

एवढा हिशेब करायला वेळ नसेल तर ढोबळ नियम असा: १५ टक्क्यांपर्यंत रॅपला ग्रेड बदलू नका, १५ ते २५ मध्ये एक पायरी मऊ घ्या, त्यापुढे हिशेबाशिवाय जाऊ नका. बडोद्याचा उन्हाळा ४० अंशांच्या पलीकडे जातो, म्हणून गरजेपेक्षा मऊ करून ठेवणंही परवडत नाही. सिग्नलपाशी बस थांबते तिथे चाकांच्या चऱ्या पडतात.

दुसरा मार्ग रिज्युव्हिनेटरचा, म्हणजे वय झालेल्या डांबराला पुन्हा मऊ करणारं तेल. मात्रा जुन्या डांबराच्या वजनावर काढतात, साधारण ५ ते १० टक्के. वरच्या उदाहरणात ९ किलोवर ७ टक्के, म्हणजे टनाला सुमारे ६३० ग्रॅम. इतकी छोटी मात्रा नीट मिसळायला वेगळा डोसिंग पंप हवा. इंजिनचं जळकं तेल ओतायचा सल्ला कुणीतरी देतोच. त्याने पेनिट्रेशन सुधारलेलं दिसतं, पण खडीवरची पकड जाते आणि डांबर लवकर भेगाळतं.

प्रयोगशाळेत मार्शल साचे (मिक्सची ताकद तपासायच्या ठोकून केलेल्या वड्या) करताना रॅप ११० अंशांवर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. रात्रभर ओव्हनमध्ये राहिलेला रॅप म्हणजे आणखी काही वर्षं म्हातारा केलेला रॅप. दोन्ही बाजूंना ७५ ठोके, ६० अंशांवर स्टॅबिलिटी (साचा पेलतो तो भार) किमान ९ किलोन्यूटन, फ्लो (तोवर साचा दबतो ते अंतर) २ ते ४ मिलिमीटर, पोकळी ३ ते ५ टक्के. रॅपमुळे स्टॅबिलिटी नेहमी छान येते, त्यावर खूश होऊ नका. कडक मिक्सची स्टॅबिलिटी चांगलीच असते. खरी परीक्षा पाण्याची: टीएसआर, म्हणजे भिजवलेल्या साच्यांच्या ताणशक्तीचं कोरड्यांशी प्रमाण, किमान ८० टक्के. पावसाळ्यात खड्डे कुठे पडणार हे तिथे दिसतं. या सगळ्या पद्धतीला इंडियन रोड्स काँग्रेसचा आयआरसी:१२०-२०१५ हा मार्गदर्शक आधार आहे; निविदेच्या कागदात त्याचा उल्लेख आधीच करून घ्या, नाहीतर मोजमापाच्या वेळी ‘जुना माल घातला’ हा आरोप होतो.

प्लांट: उष्णतेचं गणित

साध्या बॅच प्लांटमध्ये (एका वेळी ठरावीक वजनाचा घाणा मिसळणाऱ्या) रॅप थंडच मिक्सरमध्ये पडतो. त्याला तापवायचं काम जास्त तापलेली नवी खडी करते. किती जास्त, हे ओलाव्यावर ठरतं. वरच्याच उदाहरणात, मिक्स १५५ अंशांवर हवं आणि रॅप २५ अंशांवर आहे. खडीची विशिष्ट उष्णता ०.२२ धरली, तर २०० किलो रॅपला १३० अंश चढवायला ५,७२० किलोकॅलरी. ३ टक्के ओल म्हणजे ६ किलो पाणी. ते उकळून वाफ करून वर काढायला किलोमागे सुमारे ६४०, म्हणजे ३,८५० च्या आसपास. बेरीज ९,५७०. ही ७५५ किलो खडीने द्यायची, म्हणजे खडी मिक्सपेक्षा ५८ अंश जास्त गरम हवी. ताळा असा लागतो:

रॅप २० टक्के: ओल १ टक्का असेल तर खडी १९७ अंश, ३ टक्के असेल तर २१३, ५ टक्के असेल तर २२८.
रॅप ३० टक्के: ओल १ टक्का असेल तर २२७, ३ टक्के असेल तर २५४, ५ टक्के असेल तर २८०.

यात वाटेतली गळती धरलेली नाही. २२०-२३० च्या पुढे ड्रायरमधून निघणारी हवा इतकी तापते की बॅग फिल्टरच्या पिशव्या भाजतात, शिवाय नवं डांबर त्या खडीला टेकताच करपतं. म्हणूनच साध्या बॅच प्लांटवर १५-२० टक्क्यांवर थांबावं. ३० टक्क्यांना रॅप तापवणारा वेगळा ड्रम लागतो. ढिगावर छप्पर का, याचं उत्तर पहिल्या ओळीतल्या १९७ आणि २२८ या दोन आकड्यांत आहे.

रॅपची बिन उंच, उभ्या भिंतींची आणि खाली रुंद तोंडाची हवी. एप्रिल-मेच्या दुपारी अर्धा तास भरून ठेवली तरी आत कमान धरते आणि माल खाली येत नाही. त्यावर व्हायब्रेटर लावणं म्हणजे माल आणखी दाबणं. थोडा थोडा भरा, जेवणाच्या सुट्टीत रिकामी ठेवा.

बॅच प्लांटमध्ये रॅप वजन करून थेट मिक्सरमध्ये घाला. गरम एलिव्हेटरमधून पाठवला तर वरच्या चाळण्यांना डांबर चिकटून छिद्रं बुजतात. गरम खडी आणि रॅप आधी कोरडे फिरू द्या, १०-१५ सेकंद जास्त, मग नवं डांबर सोडा. रॅप पडताच वाफेचा लोट उठतो; तो बाहेर जायला मिक्सरवर रुंद नळ हवा, नाहीतर वाफ वजनकाट्याच्या हॉपरला धक्का देते आणि वजनं नाचतात. ड्रम मिक्समध्ये (फिरत्या ड्रममध्ये सलग मिसळणाऱ्या प्लांटमध्ये) रॅप मधल्या कॉलरमधून, ज्वाळेच्या पलीकडे आणि खडीच्या पडद्याआड पडला पाहिजे. ज्वाळा दिसेल अशा जागी पडला तर डांबर जळणारच.

धुराड्याकडे बघायची सवय ठेवा. पांढरा, वर जाऊन विरून जाणारा लोट म्हणजे वाफ. निळसर, खाली रेंगाळणारा, डोळ्यांना झोंबणारा म्हणजे डांबर जळतंय. निळा दिसला की आधी रॅप थांबवा, मग बर्नर कमी करा.

ट्रकमध्ये मिक्स पडल्यावर त्यात तपकिरी, न चमकणारे गोळे दिसले तर एक उचलून (हातमोजा घालून) फोडा. आत कोरडी, मातकट खडी निघाली तर रॅप वितळलेला नाही: एकतर खडी थंड होती, नाहीतर कोरडं फिरवणं कमी पडलं. असा ट्रक बीसीसाठी पाठवू नका.

पसरणं आणि दाबणं

मिलिंग केलेल्या चऱ्यांत भुकटी घट्ट बसते. फुंकणी पुरत नाही, यांत्रिक झाडू आणि मग हवा. टॅक कोट, म्हणजे थर चिकटवणारा इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या डांबराचा) फवारा, सपाट डांबरी पृष्ठावर चौरस मीटरला ०.२ ते ०.३ किलो असतो. चऱ्यांमुळे पृष्ठफळ वाढलेलं असतं, म्हणून वरच्या टोकाला राहा. तपकिरी इमल्शन काळं झाल्याशिवाय पेव्हर (मिक्स पसरणारं मशीन) आणू नका.

व्हीजी-३० च्या मिक्ससाठी पसरताना किमान १४० अंश, आणि ९० च्या खाली जाण्याआधी रोलिंग संपलेलं असावं. रॅपचं मिक्स आधी आवळतं, म्हणून पहिला रोलर पेव्हरच्या पाठीलाच लागून चालवा. ‘मिक्स हलतंय, थोडं निवू दे’ ही सवय इथे महाग पडते. जानेवारीच्या रात्रीच्या कामात मधला न्यूमॅटिक (हवेच्या टायरांचा) रोलर वाढवलेला चांगला. दुसऱ्या दिवशी १५० मिलिमीटरचे कोअर काढा: घनता सैल मिक्सच्या कमाल घनतेच्या, म्हणजे जीएमएमच्या, निदान ९२ टक्के हवी. कोअरची भोकं त्याच दिवशी भरा.

उरलेल्या मालासाठी: थंड पद्धत

ते ५१५ टन आणि जेसीबीच्या लाद्या अजून बाकी आहेत. लाद्या क्रश करून, मातीचा भाग वगळून, सगळा रॅप बेसच्या थरात जाऊ शकतो. नुसता रॅप पसरून रोल करणं मात्र पुरत नाही. दाण्यांवरच्या डांबराच्या आवरणामुळे तो सततच्या भाराखाली हळूहळू सरकतो, उन्हाळ्यात जास्तच.

म्हणून त्याला फोम बिटुमेनने (फेसाळलेल्या डांबराने) बांधतात. त्यासाठी १६० ते १८० अंशांच्या डांबरात २ ते ३ टक्के पाणी सोडतात, ते आठ-दहा पट फुगतं. मात्रा कोरड्या मालाच्या २ ते २.५ टक्के. रॅपमध्ये सुटी भुकटी कमी असते (असते ती डांबरात अडकलेली), म्हणून १० ते २० टक्के क्रशर डस्ट घाला. सिमेंट १ टक्का, त्याहून जास्त नाही; जास्त घातलं की थर काँक्रीटसारखा कडक होऊन तडकतो. फोमचा प्लांट नसेल तर सावकाश फुटणारं एसएस-२ इमल्शन ३ ते ४ टक्के. इमल्शनमधलं पाणी एकूण पाण्यात धरायला विसरू नका, नाहीतर रोलरखाली थर गादीसारखा हलतो. साच्यांची अप्रत्यक्ष ताणशक्ती, म्हणजे आयटीएस, कोरडी किमान २२५ आणि भिजवलेली किमान १०० किलोपास्कल यायला हवी.

दाबून झाल्यावर लगेच डांबरी थर चढवायचा नाही. पाणी बाहेर पडू द्या. उरलेली ओल ऑप्टिमम मॉइश्चरच्या (माल सर्वांत घट्ट दबायला लागणाऱ्या ओलीच्या) निम्म्याखाली आली की पुढचा थर. मार्च-एप्रिलमध्ये हे काही दिवसांत होतं. सप्टेंबरच्या शेवटी, हवा अजून दमट असताना, जास्त थांबावं लागतं. एका कोपऱ्यात छोटा खड्डा खणून खालचा माल मुठीत दाबून पाहा: तळवा ओला झाला तर अजून थांबा.